चालत्या डोक्यावरचा फेटा

देवपाटणचे मानाजीराजे सकाळपासून महालात येरझाऱ्या घालत होते. लेकीची सोयरीक ठरवायला शेजारच्या संस्थानचे राजे दरबारात येऊन बसले होते आणि इकडे मानाजीराजांच्या डोक्यावर फेटाच टिकेना.

रखमाजी फेटेवाल्याने पीळ घालायला घेतला, की राजे उठून खिडकीशी जात, कुणावर तरी खेकसत आणि परत येत. दोनदा फेटा सुटला. दोन्ही वेळा रखमाजीने तो झटकला आणि पहिल्यापासून बांधायला घेतला.

"अरे, किती वेळ लावतोस!" राजे कडाडले.

"सरकार, घटकाभर एका जागी बसावं."

"मला बसायला सांगतोस? पिढीजात फेटेवाला म्हणवतोस ना? मग चालत्या डोक्यावर बांध! आणि ऐक, भर दरबारात फेटा सुटला तर तुझं डोकं धडावर राहणार नाही."

नोकरचाकर भिंतीला चिकटले. रखमाजीने फेट्याचं टोक शांतपणे हातात घेतलं.

"जशी आज्ञा, सरकार. चालताना बांधतो. पण माझं डोकं जाईल ते दरबार उठल्यावर. आपलं त्याच्या आधी, व्याह्यांसमोर उघडं पडेल."

राजे जागीच थबकले. मग मुकाट्याने चौरंगावर बसले.

रखमाजीने तरीही घाई केली नाही. एकेक पीळ ओढून बसवला, तुरा खोवला आणि दोन पावलं मागे सरून निरखून पाहिलं. बाहेर नगारा झडला. राजे हलले नाहीत. मान ताठ ठेवून त्यांनी हळूच विचारलं,

"रखमाजी, आता उठू का?"