ठमा ओतारणीनं दटावलेली जोडवी

फार वर्षं झाली. कातळखेडच्या गडाला तेव्हा वेढा पडला होता, आणि तो उठला तेव्हा गावात एकीच्याही अंगावर दागिना उरला नव्हता. गडावरचे उतरले त्यांनी निम्मं नेलं, माळावर वेढ्याचा तळ होता, ते उठले त्यांनी उरलेलं. मागं ठेवलं काय, तर मोडतोड. गडाच्या पायथ्याला फुटक्या तोफेचे तुकडे, माळाच्या ओढ्यात ढालींची पितळी फुलं, बाभळीत अडकलेले घोड्यांचे साज.

गावात ठमा नावाची ओतारीण होती, पितळ ओतून दागिने करायची. नवरा वेढ्यातल्या तापानं गेला, पण भट्टी तिनं विझू दिली नाही. बाई अशी तिरसट, की तिच्यापुढं भात्यालासुद्धा धाप लागायची, असं म्हणतात. लगीनसराई आली आणि बायका टोपल्या भरभरून मोडतोड घेऊन तिच्या दारात उभ्या.

"ठमाबाय, पोरीच्या पायात जोडवं नाही, लगीन कसं लावू?"

"मग आणा. गडाचं इकडं टाका, तळाचं तिकडं. कालवाल तर माघारी धाडीन."

कारण ओताऱ्यांचा शिरस्ताच तसा. धातू वितळवायचं मातीचं भांडं असतं, त्याला मूस म्हणतात. एका मुशीत दोन ठिकाणचं पितळ घालू नये, मूस फुटते. ठमानं शिरस्ता पाळला. गडाच्या तोफेची केली उजव्या पायाची, तळाच्या ढालींची केली डाव्या पायाची. पहिला जोड तिच्याच लेकीच्या, चांगुणाच्या बोटांत गेला. सोन्यासारखा झळकत होता.

आणि तिथंच माती खाल्ली.

लढाई संपली हे माणसांना कळलं होतं, पितळेला कुणी सांगितलंच नव्हतं. उजवं जोडवं ओढायचं गडाकडं, डावं ओढायचं माळाकडं. नव्या नवऱ्या पाण्याला निघायच्या आणि निवडुंगात जाऊन उभ्या राहायच्या. चांगुणा तर सासरच्या अंगणात घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायची, डोईवरची घागर रोज नवी फुटायची. काढून टाकावीत, तर नवरा जिता असताना जोडवी कोण उतरवील?

सगळं गाव ठमाच्या दारात.

"तुझ्या जोडव्यांनी माझी सून उकिरड्यात नेऊन बसवली."

"मग काढ बाहेर. मी काय पाय ओतून दिले होते?"

रोज तेच, सकाळ-संध्याकाळ तेच. ठमा वैतागून वैतागून अर्धी झाली.

एक दिवस भर वैशाखात चांगुणाची सासू, सारजाक्का, सुनेचा दंड धरून आली. "विहीणबाई, घरात न ठरणारी सून मला नको."

ठमा म्हणाली, नवी ओतून देते. सारजाक्कानं जुनी जोडवी उतरवली आणि सुनेच्या बोटांना हळदीचा ओला दोरा बांधला, सवाशिणीचं बोट रितं राहू नये म्हणून. "दोरा वाळायच्या आत जोडवी आली तर नेते. वाळला तर पोर तुमची." आणि ओट्यावर बैठक मारून बसली.

ठमानं शिरस्ता गुंडाळून ठेवला. तोफ आणि ढाल दोन्ही एका मुशीत घातली. मूस तडकली. दुसरी घेतली, तीही तडकली. तिसरीत रस झाला, पण तेल-पाण्यासारखा. इकडं तोफ, तिकडं ढाल, मधे रेघ. आतून तलवारींची खणखण ऐकू येत होती, असं म्हणतात.

अंगणात चांगुणा पाय पोटाशी घेऊन बसली होती. दोरा कडक होत चालला होता. "आये, राहू दे," ती म्हणाली. "मी इथंच राहीन."

ते ऐकलं आणि ठमानं सांडशी आपटली. मुशीपुढं फतकल मारून बसली.

"अरं मुडद्यांनो, राजे तहाला बसले. एका पंगतीला जेवले, एकमेकांना विडे दिले. ज्यांच्यासाठी लढलात त्यांना तुमची आठवणसुद्धा नाही. आणि तुम्ही माझ्या मुशीत अजून मोर्चे बांधताय? किती जागा हवी रं तुम्हाला? लेकराच्या बोटाएवढी. तेवढ्यात दोघांना नांदता येईना? हा इकडं ओढणार, तो तिकडं ओढणार, आणि मधे माझी पोर फाटणार. जळ्ळं तुमचं भांडण. ऐकायचं का नाही?"

ओट्यावर सारजाक्का मान खाली घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "ऐकलं, बाई."

ती पितळेच्या वतीनं बोलली की स्वतःच्या, यावर गाव अजून वाद घालतं. पण तिचा शब्द पडला आणि मुशीतली रेघ मोडली, हळदीसारखा एकच रस झाला. नवी जोडवी घातली तेव्हा दोऱ्याला बोटाखालची तेवढी ओल उरली होती, असं म्हणतात. चांगुणा उठली आणि सरळ चालत फाटकापर्यंत गेली. सारजाक्का तिच्या मागनं निघाली.

पुढं ठमाला गावातली एकूण एक जोडवी पुन्हा ओतावी लागली. दर मुशीला नव्यानं बोलावं लागलं, कारण मागल्या मुशीचं पुढल्या मुशीला कुठं ठाऊक? बोलून बोलून तिचा आवाज बसला तो कायमचा. शेवटच्या घटकेला कुणी विचारलं, ठमाबाय, काही सांगायचं राहिलंय का. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

आता कातळखेडात जोडवी तालुक्याच्या पेठेतून येतात, चांदीची, डबीत घालून. त्यांनी कुठली लढाई पाहिलेली नसते. तरी लग्नात नवरीची आई ती आधी तळहातावर घेते आणि ठमाच्या नावानं त्यांना पोटभर बोलते. कुणी हसायचं नाही. बोलून झालं की सगळा मांडव वरमाईकडं बघतो. तिनं "ऐकलं" म्हणेपर्यंत नवरी पाय पुढं करत नाही.