रात्रीचा लाडू वहीत कसा लिहायचा?

मानाजीराजांचं पोट काही केल्या उतरेना! वैद्यांच्या सांगण्यावरून महाराजांचा घासन् घास वहीत लिहिला जाई. वहीत रोज मुगाचं कढण आणि ज्वारीची भाकरी, अन् अंगरख्याचे बंद मात्र तटातट तुटत.

भर दरबारात त्र्यंबकशास्त्री वैद्य कडाडले, "महाराज, एक तर माझं औषध खोटं, नाही तर ही वही! पौर्णिमेला मी पुन्हा येईन. एक घास जरी लिहायचा राहिला असेल, तर वही लिहिणाराला राज्याबाहेर घालवा!"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? "घालवू!" महाराज म्हणाले.

वही लिहीत होती चिमा, राजवाड्याच्या स्वयंपाकघरात राबणारी पोर. आंधळ्या आईला घेऊन कुठे जायचं, हाच घोर तिला लागला. कारण खरा प्रकार तिला ठाऊक होता. सगळे झोपले की महाराज चोरपावलांनी कोठीघरात येत आणि बेसनाचे लाडू फस्त करत!

त्या रात्रीही आले. "चिमे, हे वहीत येता कामा नये."

"पण महाराज, वैद्यबुवा..."

"खोटंही लिहायचं नाही! आणि माझा लाडूही बंद व्हायचा नाही. उद्या रात्रीपर्यंत तोड काढ, नाही तर वैद्यांच्या आधी मीच तुला घालवीन!"

इकडे आड, तिकडे विहीर! चिमा रात्रभर तळमळली. सकाळी मात्र गुणगुणत भांडी घासू लागली.

दुसऱ्या रात्री महाराज येऊन बघतात, तर लाडवांची परात देवापुढे आणि वर तुळशीचं पान!

"महाराज, प्रसादाला कुणी जेवण म्हणतं का? तो वहीत लिहायचं कारणच नाही."

"शाबास, पोरी!" महाराजांनी परातीत हात घातला, तोच चिमानं घणघण घंटा वाजवली.

"अगं, हे काय?"

"प्रसाद कधी एकट्यानं खातात का, महाराज? आधी सगळ्यांना वाटायचा, मग आपण घ्यायचा!"

पहारेकरी आले, दासी आल्या, माहूत तर डोळे चोळत दोन्ही हात पुढे करून उभा. वाटता वाटता महाराज घामाघूम झाले. परातीत उरला तो नुसता भुगा! तोच कपाळाला लावून त्यांनी तोंडात टाकला. पुढे तर घंटेच्या आधीच रांग लागू लागली. प्रसादाला नाही कोण म्हणणार?

पौर्णिमेला वैद्य आले. महाराजांचा अंगरखा चक्क सैल! वही चाळून ते म्हणाले, "सगळं जुळतंय. पण रात्रीचं काहीच नाही? पोरी, खरं सांग, महाराज रात्री काय खातात?"

चिमा हात जोडून पुढे आली.

"रात्री महाराज खात नाहीत, वैद्यबुवा," चिमा म्हणाली. "वाटतात!"

आधी पहारेकरी हसले. मग महाराज असे खो खो हसले की कंबरपट्टाच घसरला! तो सावरत त्यांनी गळ्यातला कंठा काढून चिमाच्या हाती दिला. "आणि आज लाडवांची अख्खी परात तुझी!"

"घंटा आणू, महाराज?"

"नको, नको!" महाराज ओरडले. "गुपचूप घरी ने आणि आईबरोबर खा. नाही तर पुन्हा मलाच वाटायला लावशील!"