पगडी उडाली, काटा हलेना

"काटा दहावर होता!" सोनगिरीचे भूपालराजे गरजले. "पेठेतून मोटार ताशी दहा मैलांच्या वर न्यायची नाही, हा हुकूम माझाच. तो मीच मोडेन होय?"

समोर धोंडबा हवालदार हात जोडून उभा होता. सकाळी राजेसाहेब स्वतः मोटार हाकत पेठेतून असे सुटले, की कोंबड्या देवळाच्या दीपमाळेवर जाऊन बसल्या आणि खाली उतरायला तयार होईनात. राजेसाहेबांची पगडी उडाली ती थेट गवळणीच्या दह्याच्या मडक्यात! धोंडबाने आडवे हात पसरून मोटार थांबवली, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

"महाराज, मोटार लई जोरात हुती जी!"

"माझ्यापेक्षा आणि काट्यापेक्षा तू शहाणा? उद्या दुपारपासून माझ्या मोटारीपुढे 'सरका, सरका' ओरडत धावायचं. जन्मभर! दहाच मैल तर आहेत, पळशील आरामात."

धोंडबाची बायको गुंजाबाई राजवाड्यातच स्वयंपाकाला होती. ती धावत आली आणि तिने राजेसाहेबांचे पाय धरले.

"एका अटीवर सोडतो," राजेसाहेब मिशीत हसले. "मोटारीला हात न लावता, काटा खोटा आहे हे माझ्याच तोंडून वदवून दाखव!"

"वदवते की!" गुंजाबाई म्हणाली. पदर खोचून ती तडक स्वयंपाकघराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब जेवायला पाटावर बसले. तांबड्या रश्श्याचा वास दरवळत होता, ताट मात्र रिकामे. घड्याळात बारा वाजल्याशिवाय वाढायचे नाही, हाही हुकूम त्यांचाच.

"गुंजाबाई, वाढ!"

"दहाच वाजल्यात, महाराज. काटा बघा की."

"अगं, सूर्य डोक्यावर आलाय!"

"त्येला तुमचा हुकूम ठावं नसंल."

"पोटात कावळे ओरडताहेत माझ्या!"

"कावळ्यांचं काय ऐकायचं? काटा दहावर हाय."

राजेसाहेब ताडकन उठले. "खोटा आहे तो काटा! भूक मला लागलीय, घड्याळाला नाही!"

बोलून गेले आणि जीभ चावली. "पण हा घड्याळाचा काटा झाला. मी मोटारीच्या काट्याबद्दल बोललो होतो!"

"काटे दोन असतील, महाराज, पण मालक तुम्हीच! भूक लागल्याली काट्याला न इचारता कळती, मग डोईची पगडी उडाल्याली कशी न्हाई कळली?"

राजेसाहेबांनी नकळत डोके चाचपले. मग असे खदखदून हसले, की पाटावर पुन्हा बसताना पाट चुकला!

"सोडा धोंडबाला! आणि ती दह्यातली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवा, मोत्याच्या तुऱ्यासकट. आजपासून मोटारीत तो माझ्या शेजारी बसेल. पगडी हलली, की मला थांबवायचं!" गळ्यातली कंठी काढून त्यांनी गुंजाबाईच्या ओंजळीत टाकली. "आता तरी वाढशील, माझे आई?"

गुंजाबाईने घड्याळाच्या लंबकाला अडकवलेली पळी काढली आणि त्याच पळीने रस्सा वाढला. संध्याकाळी मोटार पेठेतून इतकी सावकाश गेली, की कोंबड्याही दीपमाळेवरून खाली उतरल्या.