पांढऱ्या खडकापाशी धरलेला मासा

ऐका. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा तुमच्या पणज्याच्या पणज्याला दात सुद्धा आले नव्हते. फार दूर, वाळूच्या मुलखात, एक तळं होतं.

तळं म्हणजे म्हशी डुंबतात तसलं डबकं समजू नका. या काठाला उभं राहिलं तर तो काठ दिसत नसे. भोवती नुसती वाळू आणि भाजलेले डोंगर, आणि मधोमध एवढं निळं पाणी. लांबच्या बर्फाच्या डोंगरातून एक नदी यायची, तळ्यात शिरायची आणि तिथंच थांबायची. पुढं कुठं जायचंच नाही तिला. एवढ्या वाळूत एवढं पाणी कशाला ठेवलं, ते ज्यानं ठेवलं त्याला विचारा. नवखा माणूस टेकडी चढून आला आणि ते पाणी समोर दिसलं, की बोलता बोलता गप्प व्हायचा.

त्या पाण्यात एका जातीचा मासा होता. अंगभर काळे ठिपके, म्हणून त्याला ठिपक्या म्हणत. उन्हाळ्यात तो खोल तळाशी जाऊन बसायचा. थंडी पडली की वर यायचा. काठापासून थोडं आत गेलं की पाण्याखाली एक कडा होता. तिथून तळ एकदम खाली तुटायचा, किती खाली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. थंडीभर ठिपके त्या कड्याच्या काठाकाठानं फिरायचे, आणि काठावरचं एक गाव त्यांच्यावरच जगायचं. थंडीत धरलेले मासे वाळवून उन्हाळ्यात खायचे. दुसरं होतं काय तिथं? वाळू शिजत नाही.

धरायची रीत अशी. उंटाचे केस, पाणपाखराचं पीस आणि लाल लोकर गळाला गुंडाळून एक खोटा किडा करायचा. उंच लाकडी घडवंची पाण्यात रोवायची आणि तिच्यावर उभं राहायचं, कारण त्या पाण्यात घटकाभर उभं राहिलं तर पाय लाकडाचे होतात. मग काठीनं दोरी डोक्यावरून मागं न्यायची, पुन्हा पुढं झोकायची, आणि किडा असा टाकायचा की तो आपणहून पडला असं वाटावं. माशाला फसवायचं तर आधी सफाई पाहिजे. आरडाओरडा करून मासा येत नाही.

आणि तळ्याचा एक कायदा होता. थंडी संपायच्या दिवशी गावापुढच्या सपाट दगडापाशी सगळे जमत. त्या थंडीत सगळ्यांत मोठा मासा ज्याच्या हाती आला असेल, तो वर्षभर तळ्याचा कारभारी. तळं कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, ते तोच सांगणार. मासा दगडावर आणून दाखवायचा. जिवंत सोडून दिला असेल तर दुसऱ्या चुलीवर जेवणाऱ्या कोणीतरी तो डोळ्यांनी पाहिलेला असावा आणि त्याची लांबी काठीवर सुरीनं कोरून द्यावी. आपल्या घरच्याची साक्ष चालत नसे. बायको नवऱ्याचा मासा लांबच सांगणार, यात तिचा काही दोष नाही.

आता त्या वेळचा कारभारी. माणूस आडदांड, आवाज मोठा, आणि दर थंडीत दगडावरचा मोठा मासा याचाच. उन्हं तापायच्या आधी ठिपक्यांच्या माद्या अंडी घालायला नदीच्या तोंडाशी उथळ पाण्यात यायच्या, आणि तेव्हा तळं बंद ठेवायची जुनी चाल होती. या गड्यानं मागल्या वर्षी ती मोडली. विणलेल्या पाट्या घेऊन माणसं पाण्यात उतरवली आणि माद्या नुसत्या उचलून आणल्या. गावानं पोटभर खाल्लं आणि त्याचा जयजयकार केला. पुढच्या थंडीत गावापुढचा कडा रिकामा पडला. माणसं घडवंच्यांवर उभी राहून गारठली आणि बोटभर लांबीचे मासे घेऊन घरी आली. तरी कारभारी म्हणाला, "यंदा पण पाट्या काढायच्या. माद्या येतील तितके दिवस!"

गावात त्याची बहीण दिलेली होती. तिचा नवरा काटकुळा, कमी बोलणारा, पण दोरी अशी टाकायचा की पाण्यावर वळ उमटत नसे. त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली. यंदा पाट्या पाण्यात गेल्या तर तळं संपलं, आणि तळं संपलं तर पोरंबाळं घेऊन वाळूत चालत सुटायचं. हे थांबवायचं तर एकच वाट होती. कारभाऱ्यापेक्षा मोठा मासा.

थंडीचा शेवटचा दिवस उजाडला. कारभाऱ्याचा मासा सपाट दगडावर पडलेलाच होता, माणसाच्या मांडीएवढा. काटकुळ्यानं घडवंची डोक्यावर घेतली.

"अहो, कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"पांढऱ्या खडकाकडं. गावापुढं काही उरलं नाही."

"इतक्या लांब? मग कोणाला तरी बरोबर न्या. मासा घावला तर बघणार कोण?"

"कोण येतंय? सगळे तुझ्या भावाला भितात."

"मी येते."

"तू माझ्या चुलीवरची. तुझं कोण ऐकणार?"

"मग मारून आणा," ती म्हणाली. "खांद्यावर टाका आणि आणा. पण हात हलवत येऊ नका."

तो गेला. पांढरा खडक म्हणजे पाण्यातून वर आलेला केवढा तरी सुळका, त्याच्यापुढं माणूस मुंगी दिसायचा. तिथं घडवंची रोवून तो दुपार टळेपर्यंत दोरी टाकत राहिला. वारा बोचत होता. काठीला दोरी ओवायच्या कड्या होत्या, त्यांत बर्फ धरत होतं, ते तो तोंडाची वाफ देऊन काढत होता. 

आणि दोरी थांबली.

त्याला वाटलं, खडकात अडकली. त्यानं काठी जरा उचलली, तर खडक चालायला लागला.

पुढं काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. मासे धरणारे सांगतात तेव्हा निम्मं खोटं असतं. एवढंच खरं, की दोरी कड्यावरून खाली गेली, खालून परत आली, पुन्हा गेली, आणि त्याचे हात सोलून निघाले. शेवटी मासा वर आला. मादी होती.

तिला बघून तो घडवंचीवरून पाण्यात कधी उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला, आणि ती त्याच्यापुढं आडवी. त्याच्या हनुवटीपासून पायाच्या घोट्यापर्यंत लांब! पाठ शेवाळलेल्या दगडासारखी, ठिपके बोराएवढे, आणि कुशीवर असा तांबूस रंग की जणू डोंगरामागून दिवस वर येतोय. जबड्यात जुने गळ रुतून गंजलेले, कोणाच्या आज्याचे असतील. डोळा त्याच्याकडं होता. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. असल्या डोळ्यापुढं माणसाला आपलं नाव सुद्धा आठवत नाही.

घडवंचीला दंडुका अडकवलेला होता. त्यानं तो काढला. एक फटका, आणि कारभार त्याचा. तळं बंद, पाट्या बंद, गाव वाचलं. हात वर गेला.

दुसरा हात तिच्या पोटाखाली होता. त्या तळव्यावर काहीतरी सांडलं. त्यानं पाहिलं, तर केशरी मण्यांसारखी अंडी, टपोरी, आतून उजेड असल्यासारखी. तळं वाचवायचं म्हणजे हेच तर वाचवायचं होतं की!

दंडुका त्यानं पाण्यात टाकून दिला. तो तरंगत गेला. 

मग त्यानं गळ काढला, तिचं तोंड लाटांकडं केलं, एक हात शेपटीच्या देठाला, एक पोटाखाली, आणि धरून उभा राहिला. दमलेला मासा असाच धरावा लागतो. लगेच सोडला तर उलटा होऊन बुडतो. त्याच्या कल्ल्यांत पाणी खेळलं पाहिजे, आणि तो स्वतः हिसका देऊन जाईपर्यंत आपण हलायचं नाही.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. कारभारी उंटावर बसून मजा बघायला आला होता.

"काय दाजी! मासे धरताय का अंघोळ चाललीय? शेवटचा दिवस आहे म्हणून अंग धुताय?"

काटकुळ्यानं तिचं तोंड लाटांकडंच धरून ठेवलं.

"ओंडका धरलाय वाटतं! सोडा तो, चुलीला न्या, ताईला उपयोग होईल!"

असं म्हणत तो उंटावरून उतरला, काठच्या दगडांवरून दोन ढांगा पुढं आला आणि खाली वाकला. आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.



"मेव्हणं," काटकुळा म्हणाला, त्याचे दात वाजत होते, "माझी बोटं मेलीत. हिला अजून दम आला नाही. हात लावा."

कारभारी पाण्यात उतरला. जरीचं पागोटं, नवा अंगरखा, तसाच उतरला. दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले. जन्मभर त्यानं मासे मोजले होते, सोलले होते, खाल्ले होते. श्वास घेणारा मासा असा ओंजळीत कधी धरला नव्हता. तिचे कल्ले उघडत होते, मिटत होते, आणि त्याबरोबर त्याच्या हातांना धक्का बसत होता.

"दाजी, मरायची नाही ना ही?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज त्याच्या बायकोनं सुद्धा ऐकला नसेल.

"धरून राहा."

ऊन कललं, पाण्यात तिरपं शिरलं आणि खोलवर उजेड गेला. तेव्हा दोघांना ते दिसलं. कड्याच्या काठाला ठिपके उभे होते. लहान, मोठे, त्याहून मोठे, खाली खाली, नजर पोचेल तिथवर, सगळ्यांची तोंडं इकडं. एकही हलत नव्हता. आणि त्यांच्याही खाली, अंधारात, काहीतरी वळलं आणि दिसेनासं झालं. ते केवढं होतं, त्याबद्दल दोघं पुढं जन्मभर एक शब्द बोलले नाहीत.

मग मादीनं शेपूट हलवलं. एकदाच. हात रिकामे झाले. ती कड्यावरून खाली गेली, आणि तिच्यामागं सगळे ठिपके वळले, जसं वारा आला की उभं पीक एकदम वळतं. पाणी मोकळं झालं. दोन माणसं छातीएवढ्या पाण्यात, रिकामे हात पुढं धरून, तशीच उभी राहिली.

"केवढी होती हो," कारभारी म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी सपाट दगडापाशी गाव जमलं. काटकुळ्याची बायको पुढं उभी होती. तिनं नवऱ्याचे रिकामे खांदे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई दगडावर बसायची, तिनं विचारलं, "याच्याहून मोठा कोणाचा? असेल तर बोला, नाहीतर हाच कारभारी."

काटकुळा खाली बघत उभा होता. साक्षीदार एकच, आणि तो कोण, हे त्याला माहीत होतं. तोंड उघडून हसं कशाला करून घ्यायचं?

"बोला की," कारभारी खेकसला. "दाजी, बोला!"

काटकुळ्यानं मान आणखीच खाली घातली. तेव्हा तोच पुढं आला, मेहुण्याच्या हातातली काठी हिसकावून घेतली, सुरी काढली आणि बुडाशी एक खूण केली. मग दुसरी करायला हात वर, आणखी वर नेला. लोक हसायला लागले.

"कारभारी, तो मासा होता का होडी?"

"पाण्यात पडलात का डोक्यावर?"

त्यानं वर दुसरी खूण कोरली आणि काठी म्हातारीपुढं उभी धरली.

"मी पाहिलाय. मी धरलाय, या हातांनी. यांनी सोडला," तो म्हणाला. त्याच्या पागोट्यातून अजून पाणी गळत होतं. "हसा लेको. दगडावर माझं पडलंय ते पिल्लू आहे."

हसणं थांबलं. जो माणूस स्वतःचं नुकसान करून साक्ष देतो, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. म्हातारीनं काठीवरच्या खुणांवरून बोट फिरवलं, वरच्या खुणेशी पोचायला तिला उठून उभं राहावं लागलं. मग तिनं काठी काटकुळ्याच्या हातात दिली. "सांग, बाबा. तळं कधी बंद?"

"आज," तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात गावानं पोट आवळून दिवस काढले. माद्या नदीच्या तोंडाशी आल्या, अंडी घालून परत गेल्या, आणि कोणी पाटी भिजवली नाही. पुढच्या दोन थंड्या तंगीच्या गेल्या. तिसऱ्या थंडीत गावापुढच्या कड्यावर पुन्हा ठिपके फिरायला लागले.

जुना कारभारी काही साधू झाला नाही. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याशी शेळीवरून भांडला. पण दर थंडीच्या शेवटी तो उंटावर बसून पांढऱ्या खडकाकडं जायचा, काठी न घेता, आणि दिवसभर पाण्याकडं बघत बसायचा. काय दिसलं, असं कोणी विचारलं की शिवी द्यायचा.

बोध एवढाच: मोठ्याला मारून माणूस मोठा होत नाही, त्याच्यापुढं गप्प उभं राहून होतो.