काट्यांतली फट

पूर्वी वाराणसीत राजा राज्य करीत होता. त्या काळी त्याच्या राज्यापासून फार दूर, पश्चिमेच्या वाळवंटात, बोधिसत्त्व पखुर्डीच्या जन्माला आले. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. त्यातला नर पाण्यात पोट बुडवून पिसं भिजवतो आणि कोसच्या कोस उडत घरट्याकडे जातो. पिल्लं ती पिसं चोखतात, तेवढंच त्यांचं पाणी.

त्या मुलखात दोन-दोन वर्षं पाऊस पडायचा नाही. वारा वाळूच्या टेकड्या उचलून आज इथे, उद्या तिथे ठेवायचा. दिवसा पाय भाजायचे आणि रात्री कांबळं लागायचं. शमीची चार झाडं, एक विहीर आणि भोवती वीसेक झोपड्या, एवढीच ती वस्ती. वस्तीची रीत होती, की सकाळचा पहिला पोहरा विहिरीजवळच्या लाकडी डोणीत ओतायचा. ते पाणी हरणांचं, खोकडांचं, पाखरांचं.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. मुखियाने सांगितलं, "डोण पालथी घाला. विहिरीच्या तोंडावर बोरीच्या काट्या टाका. जनावराच्या तोंडात थेंब जाता कामा नये."

त्या दिवशी डोणीची पाळी इसिकाची होती. इसिकाची पहिलीच लेक, चार महिन्यांची. पोर रडली तर का रडली, आणि रडली नाही तर का रडली नाही, याचीच तिला सारखी धास्ती. ती डोणीपाशी वाकली, तर तळाच्या पाण्यात पखुर्डी पोट टेकवून बसलेली.

"बाई, एवढं पोट भिजू दे," बोधिसत्त्व म्हणाले. "घरी तीन पिल्लं आहेत."

"मला एक आहे," इसिका म्हणाली आणि तिने डोण पालथी केली.

बाराव्या दिवशी वादळ आलं. काट्यांनी वाळू अडवली, अडलेल्या वाळूने आणखी वाळू अडवली. वादळ शमलं तेव्हा विहिरीच्या जागी टेकडी उभी होती. विहीर उघडी असती तर वाळू आत पडली असती आणि माणसांनी उपसलीही असती. आता विहिरीचं तोंडही सापडेना. पुरुष दोन दिवस खणत होते. जेवढं खणावं तेवढं ढासळायचं.

मडक्यांतलं पाणी संपलं. इसिकाचं दूध आटलं. पोर रडायची, पण आवाज फुटायचा नाही. इसिका शमीच्या विरळ सावलीत तिला घेऊन बसली होती. तेवढ्यात पखुर्डी समोर उतरली.

"पोरीला माझ्या पोटाशी धर."

"तू? अरे, मी तर तुझी डोण..."

"हो. तूच."

पोर पिसं चोखू लागली. इसिकाला विचारवत नव्हतं, तरी तिने विचारलं, "पिल्लं?"

"एकच राहिलंय. आता लांबून पाणी आणावं लागतं. उन्हात वाटेतच पिसं वाळतात. हिचं झालं की उरलेलं त्याला नेतो. उद्या मी उडेन त्या दिशेने सगळे चाला. चार कोसांवर खडकाच्या पोटात पाणी आहे."

नवरा गोमिक म्हणाला, "पाखरू बोललं? उन्हानं डोकं फिरलंय तुझं." मग पोरीकडे बघून म्हणाला, "चल. नाहीतरी इथं काय ठेवलंय?"

पाणी होतं. काठावर हरणांचे खूर उमटले होते, खोकडांचे पंजे, सापाची वळणं. सगळी वस्ती पालथी पडून प्यायली. मुखिया मनसोक्त प्यायला, मिशा पुसून म्हणाला, "जवळपास बोरी आहेत का बघा रे."

इसिकाचं तोंड उघडलं.

"काय गं? काही बोलायचंय?"

पोर पदराखाली पुन्हा पिऊ लागली होती. "नाही," इसिका म्हणाली.

सगळ्यांबरोबर तिनेही काट्या तोडल्या, पाण्याभोवती रचल्या. फक्त एका कोपऱ्यात वीतभर फट ठेवली, एक पाखरू आत जाईल एवढी. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी ती उठली तेव्हा गोमिक समोर उभा होता. हाताला काटे लागून रक्त आलं होतं, पण चेहरा खुशीत.

"तिकडे फट राहिली होती की गं तुझ्याकडून! बरं झालं, मी पाहिली. मुखिया चारचौघांत बोलला असता तुला. घट्ट बुजवली बघ."

वर आकाशात पखुर्डीने तीन फेऱ्या मारल्या. मग ती कोरडीच उडून गेली.

सभेत बसलेल्यांना एवढं सांगून शास्ता, म्हणजे पुढे बुद्ध झालेले तेच बोधिसत्त्व, थांबले. मग म्हणाले, "तेव्हाचा मुखिया म्हणजे आज या गावाच्या तळ्याला कुंपण घालून पाखरा-जनावरांचं पाणी तोडणारा गृहस्थ. गोमिक म्हणजे त्याचा राखणदार. इसिका म्हणजे ही मागे बसलेली उपासिका. आणि ती पखुर्डी मी होतो."

उपासिकेच्या मांडीवर तान्हं होतं. तिने खालच्या मानेनेच विचारलं, "भगवन्, ते तिसरं पिल्लू?"

"ते गेलं, बाई. आता ते तुझ्या मांडीवर आहे."

मग सभेकडे पाहून शास्ता म्हणाले, "ज्याने आपलं पाणी तोडलं त्याच्याही लेकराला पाणी द्यावं, आणि देऊन झाल्यावर मनात डंख ठेवू नये. याला क्षांती म्हणतात."

उपासिका उठली आणि तान्ह्याला घट्ट धरून तळ्याच्या कुंपणाकडे निघाली.