पाणमांजर शाळेत उतरली

फार पूर्वी, एकदा सकाळी बरोबर सात वाजता पाणमांजरीने आपली लेक चिंगुळी कासवगुरुजींच्या पोहण्याच्या शाळेत सोडली आणि ती घाईने मासे धरायला निघाली.

“थांबा बाई,” गुरुजी म्हणाले. “पोरगी अजून पाण्यात पाय घालत नाही. पोहायला आलं नाही, तर उद्या खाणार काय? घरी हिच्याबरोबर पाण्यात कोण उतरतं?”

“ते तुम्हीच बघा ना, गुरुजी! मला मेलीला उथळातलंच येतं. खोलातलं काय शिकवणार?”

“मग उथळात उतरा. खोलातलं मी बघतो.”

पाणमांजर लाजत लाजत पाण्यात शिरली.

“अगं आई, तूपण शाळेत?” चिंगुळी खिदळली आणि तिने आईमागे धपकन उडी मारली.

बायांनो, काठावरच्या सगळ्या आयांना हे सांगा. आणि बापांनाही.