शिंगट्याचा पत्ता

नदीकाठच्या एका गावात एक भोई राहत होता. त्याचं नाव कोंडाजी. त्या गावात गळ टाकणाऱ्यांची एक जुनी रीत होती. मासा कुठे लागला हे कुणी कुणाला खरं सांगायचं नाही. वरच्या अंगाला मिळाला, तर खालच्या अंगाला बोट दाखवायचं. गांडुळावर मिळाला, तर कणकेचं नाव घ्यायचं. घरी येतानासुद्धा लांबचा वळसा घालून यायचं, म्हणजे कुणाला माग लागायला नको. सगळेच थापा मारत, त्यामुळे कुणी कुणावर रुसत नसे.

कोंडाजीला मात्र ही रीत काही केल्या जमली नाही. कुणी विचारलं की तो सरळ सांगून मोकळा व्हायचा. जागा सांगायचा, वेळ सांगायचा, आमिषही सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, हा तर सगळ्यांत पक्का थापाड्या दिसतोय!

एकदा राजाच्या आईला मोठं दुखणं आलं. दुखणं सरलं, पण तोंडाला चव येईना. म्हातारीने एकच हट्ट धरला, शिंगट्याचं कालवण हवं. शिंगटा म्हणजे नदीतला लांब मिशांचा, बिनखवल्याचा मासा. राजाने दवंडी पिटवली, "तीन दिवसांत जो हातभर लांबीचा शिंगटा धरील, त्याला गावचा डोह कायमचा बहाल. मग बाकी कुणी तिथे गळ टाकायचा नाही."

दवंडी ऐकून कोंडाजी धास्तावला. तोवर डोह सगळ्यांचा होता आणि त्याची चूल त्याच डोहावर पेटत होती. डोह दुसऱ्याचा झाला तर गाव सोडण्यावाचून गत नव्हती.

त्याच दुपारी हैबती दारात येऊन उभा राहिला. हैबती हा गावातला दुसरा नावाजलेला गळवाला. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख.

"कोंडाजीदादा, शिंगटा कुठं लागंल रं?" त्याने गोड आवाजात विचारलं.

कोंडाजीची बायको ठमाबाई चुलीपुढून डोळे वटारून पाहू लागली. आज तरी गप बसा, असं ते डोळे सांगत होते. कोंडाजीच्याही मनात क्षणभर आलं, एवढ्या एका दिवसापुरती थाप मारली तर काय बिघडणार आहे? सारा गाव मारतो. पण जीभ वळेना. जन्मभर कधी न केलेलं काम पोटाच्या भीतीने करायचं, याची त्याला लाज वाटली.

"डोहात, उंबराच्या मुळ्या पाण्यात उतरल्यात ना, तिथं," तो म्हणाला. "तिथं खोल हाय, तळाला गाळ हाय. तिन्हीसांजेला बस, दिवस बुडायच्या बेताला. गळाला गांडुळांचा झुबका लाव आणि दोराला दगड बांध. आमिष तळाला टेकलं पायजे. आन् पयल्या ओढीला हिसका देऊ नगंस. शिंगटा आधी मिशांनी चाचपतो, मग गिळतो. दोर सरळ पळाया लागला की मगच ओढ."

हैबती हसत हसत निघून गेला. ठमाबाईने कपाळावर हात मारला.

"अवं, आपल्या हातानं आपलं घर दिलंत की त्याला!"

"घर गेलं तर दुसरं बांधू गं," कोंडाजी म्हणाला खरा, पण त्याला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तो उंबराखाली गेला तेव्हा हैबती तिथे ठाण मांडून बसला असेल, अशी त्याची खात्री होती. काठावर चिटपाखरूही नव्हतं. कोंडाजीला नवल वाटलं. त्याने गळ टाकला. त्या दिवशी खेकड्यांनी सारी गांडुळं फस्त केली.

दुसऱ्या संध्याकाळी दोराला हलकीशी ओढ बसली. कोंडाजीचा जीव इतका टांगणीला लागला होता, की त्याने तिथल्या तिथे हिसका दिला. गळ रिकामा वर आला. ज्याने हैबतीला थांबायला सांगितलं, तोच थांबला नव्हता! त्याने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

तिसरी संध्याकाळ शेवटची होती. सूर्य डोंगराला टेकला आणि दोर हलला. कोंडाजीने दात आवळले, पण हात हलवला नाही. पुन्हा ओढ बसली. तरीही तो दगडासारखा बसून राहिला. मग एकाएकी दोर सरळ रेषेत पाण्यात पळू लागला, आणि कोंडाजीने सारं बळ एकवटून ओढ दिली. पाणी घुसळून निघालं. तळहात सोलले गेले, पाय चिखलात रुतले, पण त्याने दोर सोडला नाही. अखेर मिशा फेंदारत, अंगावरचे काटे उभारत एक दांडगा शिंगटा काठावर येऊन पडला. हातभर कसला, चांगला दीड हात होता! कोंडाजी एवढ्या जोरात ओरडला की गावातली कुत्री भुंकू लागली.

सकाळी हलगी वाजवत अख्खा गाव मासा घेऊन राजवाड्यावर गेला. ठमाबाई सगळ्यांच्या पुढे होती. राजा सनद द्यायला उठला, तोच हैबती गर्दीतून पुढे आला.

"थांबा महाराज! ह्यानं मला फसवलंय!"

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "खोटं सांगून डोह मिळवला असेल, तर डोह मिळणार नाही. काय सांगितलं होतं याने तुला?"

"म्हनला, डोहात उंबराच्या मुळाशी बस. तिन्हीसांजेला बस. गांडुळं लाव."

"मग तू काय केलंस?"

"म्या काय येडा हाय व्हय? एवढा डोह पणाला लागलेला, खरं कोन सांगंल? म्हनून मी समदं उलटं केलं. उथळ धारंत बसलो, भर दुपारी बसलो, कणकेचा गोळा लावला. तीन दिवसांत बोटाएवढे चार मासे!"

राजाने कोंडाजीकडे पाहिलं. "हा शिंगटा कुठे मिळाला?"

"उंबराच्या मुळाशी, महाराज. तिन्हीसांजेला. गांडुळावर."

"मग हैबती, याने तुला फसवलं कसं?"

हैबती चिडून ओरडला, "खरं सांगून फसवलं, महाराज!"

आधी राजा हसला. मग प्रधान हसला, मग भालदार-चोपदार, आणि आतल्या पडद्याआडून राजाची म्हातारी आईसुद्धा खो खो हसली. हैबती तेवढा मान खाली घालून उभा राहिला. आपण काय बोलून बसलो, हे त्याला आत्ता कुठे कळलं होतं. राजाने स्वतःच्या हाताने कोंडाजीला सनद दिली. डोह त्याचा झाला, आणि ठमाबाईने भर दरबारात नवऱ्याची अलाबला घेतली.

तात्पर्य: थापा मारायची सवय जडली की समोरचं खरंही ओळखू येत नाही; आणि जो पोटावर पाळी आली तरी खरं बोलतो, त्याचं खरं त्याला कधीच बुडवत नाही.